अकरा ते बाराचा दाब

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, चाळीस मजले उंच बसणाऱ्या माणसाला साइटवर सगळे घारमामा म्हणत. तीस वर्षांत आपल्या हातून खाली साधा खिळाही पडला नाही, हे मामा स्वतःच सांगत, कुणी विचारलं नाही तरी. यंदा मात्र वार्षिक तपासणीत रक्तदाब एकशे साठच्या वर निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी सही अडवली. सही नाही तर पुढच्या महिन्यापासून क्रेन नाही.

"वर केबिनमध्ये मोजा, मग बोला," मामा गुरगुरले.

बाईंनी खरंच दंडाला यंत्र बांधलं. चोवीस तास, दर अर्ध्या तासाने ते दाब मोजणार. पट्टा फुगला की क्रेन थांबवून हात स्थिर ठेवायचा आणि त्या वेळी काय चाललं होतं ते वहीत लिहायचं. मामांनी मोठ्या तोऱ्यात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद पुढे केला. केबिनमधले आकडे झकास होते, घरचेही. फक्त अकरा ते बारा दाब आभाळाला टेकला होता. वहीत त्या तासापुढे होतं, 'खाली उभा. आराम.'

"हा कसला आराम?"

"त्या वेळी माझी लेक क्रेन शिकते. मी नुसता बघतो. वॉकीटॉकीवर थोडंफार सांगतो, एवढंच."

"आणि काल तपासणीला कुठून आलात?"

"तिथूनच," मामा ओशाळले.

"धोका दिसला की शरीर ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं. हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आवळतात. वेळप्रसंगी त्यानेच जीव वाचतो. पण रोज उठून धोका दिसायला लागला तर हृदय झिजतं, मामा. पंधरा दिवस तिथे उभं राहू नका. मग पुन्हा मोजू आणि सहीचं बघू."

दुसऱ्या सकाळी लेक वर चढली. सळयांची मोळी उचलली गेली आणि मामांचा अंगठा सवयीने बटणावर गेला. 'अगं, हळू' अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि वॉकीटॉकी शेजारच्या सिग्नलवाल्याच्या हातात कोंबला.

"तिला सांग, म्हातारा चहाला गेला."

त्याने सांगितलं. वरून लेकीचा आवाज आला, "खरंच गेले? सुटले बाई! बाबा खाली असले की माझे हात कापतात."

मोळी बाराव्या मजल्यावर अलगद टेकली. मामा तिथेच उभे होते. तीस वर्षांत कुणाचं बोलणं त्यांना इतकं लागलं नव्हतं. मग मात्र ते खरोखरच चहाला गेले.