केजच्या अंगणात आष्टीची हाक

२०२३ सालच्या फाल्गुनातली ही गोष्ट. माझी धाकटी जाऊ ताराबाई मेंढरं घेऊन आष्टीकडं गेली होती, आणि तिची मोरी वाटेत कळपातून चुकून नांदूरघाटला तिथल्या पुढारी विठ्ठलरावांच्या गोठ्यात अडकली होती.

मोरी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. लेकीच्या आजारात ताराबाईनं ती बिरोबाला सोडलेली. आमच्या मेंढरांच्या कानाला घरची खूण असते, पण देवाच्या मेंढीचा कान आम्ही कापत नाही. विठ्ठलरावांनी नेमकं तेच हेरलं. “कान कोरा हाय. मेंढी माझी.”

केजच्या कोर्टात दावा लागला. पण तारखेला यायचं तर कळप कुणाच्या भरवशावर सोडायचा? माझे सासरे असेच तारखा चुकवत विहिरीकडची जमीन हरले होते. ताराबाईचंही तसंच होत आलं. या खेपेला ती आली नाही तर दावा बुडणार होता.

सरकारनं फुकट दिलेली वकील बबिता मला म्हणाली, “मावशी, त्यांना आष्टीच्याच कोर्टात बसवा. पडद्यावरून साक्ष देतील.”

“पडद्यावर? सिनेमा हाय का गं?”

पण तसंच झालं. केजच्या पडद्यावर ताराबाई दिसली, डोक्यावर पदर, कपाळावर घाम.

“मेंढी तुमची कशावरून?” विठ्ठलरावांच्या वकिलानं विचारलं.

“माझ्या हाकेला येती. लावा पैज!”

“आता मेंढीची साक्ष घ्यायची का?” वकील हसला.

जजबाई हसल्या नाहीत. मोरीला आणायचा हुकूम आधीच झाला होता. ती अंगणात लिंबाखाली बांधलेली होती. सगळे बाहेर आलो. आधी विठ्ठलरावांनी हाक मारली. मोरी पाला चघळत राहिली. मग शिपायानं ताराबाई दिसत होती तो कोर्टाचा टॅबलेट पुढं धरला.

“हुर्रर्र... ये गं मोरे!”

मोरीनं मान वर केली, ओरडली आणि असा हिसका दिला की खुंटा उपटून आला. “धर बे तिला!” विठ्ठलराव गड्यावर खेकसले. तोवर तिनं नाक काचेला लावलं होतं.

“वाळलीस गं माझी बाय!” आष्टीहून ताराबाई रडत म्हणाली. अंगणातली माणसं टाळ्या वाजवू लागली. जजबाईंनी दटावलं, पण जरा उशिरानंच.

निकाल ताराबाईचा लागला.

विठ्ठलराव अजून पुढारी आहेत, पण मेंढरं दिसली की वाट बदलतात. बबिता अंबाजोगाईला वकिली करते. रानातल्या धनगरांचे फोन आधी तिला जातात. ताराबाईची लेक कॉलेजात आहे. आणि मोरी? तिला जुळं झालं. दोन्ही कोकरांचे कान कोरेच ठेवलेत.