संत आन्नाच्या गालावरचा डाग

सोमवारी सकाळी ब्रिजिदाने खिडकीच्या काचेतल्या संत आन्नाच्या गालावरचा डाग पुसला, तेव्हा तो तिच्या नवऱ्याच्या, इनासच्या गालावर आला.

डाग साधाच होता. रंगीत काचा डाखाने जोडतात आणि डाखाच्या रेषा काळ्या करायला त्यांवर औषध लावतात. त्याआधी डाखाचा चिकटपणा धुवायचा असतो. तीस वर्षं हेच शिकवणारी ब्रिजिदा या खेपेस धुवायला विसरली. औषध रेषा सोडून संताच्या चेहराभर पसरलं.

इनासने गाल चोळला. टक् असा आवाज झाला. डाग पडला होता तिथे गाल काचेचा झाला होता.

"थंड लागतं गो," तो म्हणाला. "चला, तेवढी दाढी वाचली."

चॅपेल समितीचे तिघे दारात उभे होते. रविवारी सण, खिडकी त्याआधी बसायला हवी होती.

"ब्रिजिदाबाय, हनुवटीवर अजून आहे," पास्कू तुस्कानो म्हणाला.

"राहू द्या. पुसला की ह्यांच्यावर जातो."

"तुमच्या घरातलं तुम्ही बघा. संताचं तोंड काळं नको."

मागचे दोघे हसले.

ती थांबली, तर पास्कूने फडकं उचललं. त्याचा हात जड होता. एका फटक्यात इनासचा कान काचेचा झाला आणि त्याला चीर गेली. ब्रिजिदाने फडकं हिसकावून घेतलं. त्यापेक्षा आपण हळू पुसलेलं बरं.

तिघे घरी गेलेच नाहीत. खोली रोज एका फरशीने आखूड होत होती, त्यामुळे जागचे न हलताही ते जवळ येत होते. ब्रिजिदाने साबण लावला, खायचा सोडा लावला. डागाला भिंत दाखवली, बादली दाखवली, स्वतःचा तळहात दाखवला. तो फक्त इनासकडेच गेला.

शुक्रवारी इनास पेज प्यायला, ती गळ्यातून उतरताना दिसली.

"आमच्यासमोर खाऊ नका," पास्कू म्हणाला. "शिसारी येते."

शनिवारी संताच्या डोळ्याखाली बोटभर डाग उरला. इनासचीही फक्त छातीची डावी बाजू काचेची व्हायची उरली होती. तिघे आता काच ठेवलेल्या टेबलाला टेकले होते.

"झालं की!" पास्कू म्हणाला. "एक हात मारा न् सुटा."

"ब्रिजिदा," इनास म्हणाला. त्याचा आवाज पेल्यातून यावा तसा येत होता. "मला काही दुखत नाही. पूस."

तिने फडकं टाकलं. कुंचला काळ्या औषधात बुडवला आणि संताच्या कपाळावर ओढला. मग गालावर, हनुवटीवर. इनासचं एक बोट कोमट झालं.

"बाईला वेड लागलं," पास्कू म्हणाला. तिघांनी बाह्या मुठीत धरल्या आणि टेबलाच्या पलीकडून काच पुसायला घेतली.

ब्रिजिदाची पाठ भिंतीला टेकली. अलीकडून ती डाग लावत होती, पलीकडून तिघे पुसत होते, आणि इनासच्या छातीत कधी धडधड होत होती, कधी टक् टक्.