मधल्या फळीतला उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, आणि तोही एकटा. माझा जोडीदार, म्हणजे डावा, घर शाकारताना कुठेतरी हरवला. त्याच्याविषयी वाईट बोलू नये, पण खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा नुसता टेकू द्यायचा आणि काम मी करायचो. मी फुटबॉलचा बूट आहे. तेही मधल्या फळीतला, हे मी मुद्दाम सांगतो.

१९६५ साली घाटकोपरच्या एका गल्लीत मधुकर नावाच्या कारागिराने मला शिवलं. जाड चामडं, पितळी डोळ्यांतून गेलेली लांब नाडी, आणि तळव्याला खिळ्यांनी ठोकलेले सहा स्टड. मला करवून घेतलं ते अंबादासने. अंबादास अंधेरीच्या एका औषध कंपनीत फिटर होता आणि त्या कंपनीच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षकही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी खेळणारा धर्मा त्याने हेरला होता आणि त्याच्या पायात बूट घालायचंच असं ठरवलं होतं.

धर्मा कोळ्याचा मुलगा. त्याचा बाप महादू हा होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणूशी बसून होडी कुठे न्यायची आणि जाळं कुठे टाकायचं हे ठरवणारा माणूस. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि मुंबईत फुटबॉलचा मोसम नेमका तेव्हाच असतो. त्यामुळे धर्माला खेळायला मिळायचं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की खेळ संपला आणि होडी सुरू झाली, असा घरचा शिरस्ता होता.

मी नवा कोरा त्या घरात गेलो तेव्हा महादू होडीच्या लाकडाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावत होता. पाण्यात जाणाऱ्या वस्तूला हे तेल लावायचं, एवढंच त्या घराला ठाऊक. धर्माची आई अंजनाबाई मला हातात घेऊन म्हणाली, "यो पन चिखलान जानार ना? मंग लाव दोन हात." दोन हात कसले, चांगले पाच हात लावले. मी असा काही वास मारू लागलो की माझी मलाच लाज वाटली.

संघाच्या खोलीत मी शिरलो आणि सगळे नाक धरून उठले. शिवदास हा पुढच्या फळीतला गोल मारणारा गडी, तोंडाने भारी फटकळ. तो म्हणाला, "यार, नाकाची वाट लागली. हे बाहेर ठेव ना." अंबादासनेही मला दोन बोटांत धरून विचारलं, "अरे, हे बूट आहेत का सुकट?" माझी रवानगी दाराबाहेर झाली.

पण त्याच दिवशी मैदानात घोटाभर चिखल होता. अर्ध्या तासात बाकीच्यांचे बूट पाणी पिऊन विटांसारखे जड झाले. माझ्या अंगावर पाणी ठरेना. धर्मा शेवटच्या मिनिटापर्यंत हलका पळत होता. सामना जिंकल्यावर शिवदास हळूच जवळ आला आणि म्हणाला, "धर्मा, थोडं तेल आण ना रे उद्या." पंधरा दिवसांत अख्खा संघ तसाच वास मारू लागला. तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवण्यात काही अर्थ नाही.

दोन वर्षांनी खरा प्रसंग आला. अंबादास वर्सोव्याला घरी येऊन म्हणाला, "काका, कंपनी धर्माला कायमचा घेते. बारा महिने खेळायचं. पण मग होडीवर येता येणार नाही."

महादू जाळं विणता विणता थांबला. धर्माची बहीण कमळ महादूला प्रत्येक सामन्यानंतर वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि त्यात शिवदासचं नाव असायचं. धर्माचं कधीच नसायचं. महादू धर्माला म्हणाला, "तू मैदानान करतंस तरी काय? गोल तं मारत नाय. पेपरान तुजा नाव नाय. होरीवर मना एक हात कमी परंल, त्याचा काय?"

मधल्या फळीतला माणूस काय करतो हे बापाला कसं सांगायचं, हे धर्माला उमजेना.

"मी येतंव बगायला," महादू म्हणाला. "काम दिसला तं सोरीन. नाय तं दुसरे दिवशी होरीवर."

पावसाने चषकाचा अंतिम सामना लांबत लांबत नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसावर गेला होता. होडी त्याच्या दुसऱ्या पहाटे निघायची होती. मुलुंडच्या त्या मैदानावर रेषेलगत बुटांची, चपलांची गर्दी होती आणि त्यात महादूचे अनवाणी पाय मला लगेच ओळखू आले. माझे टाके भीतीने आवळले.

मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. महादू अंबादासला म्हणाला, "तुजा शिवदास एवरा धावतंय. माजा तं मधीच उभा."

अंबादास म्हणाला, "काका, आता चेंडूकडे बघूच नका. फक्त धर्माकडे बघा."

मित्रांनो, त्या उत्तरार्धात आम्ही जे खेळलो ते आठवलं की आजही माझी टाच ताठ होते. धर्मा मागच्याकडून चेंडू घ्यायचा, घेण्याआधीच मान वळवून दोन्ही बाजू पाहायचा, हाताने एकाला थोपवायचा, दुसऱ्याला हाक मारायचा, आणि मग मी चेंडू सोडायचो. पाच मिनिटं उरली असताना त्याने शिवदासला डावीकडे पिटाळलं. तेवढ्यात समोरचा एक धिप्पाड गडी माझ्यावरच आदळला. माझा तळवा उसवला, दोन स्टड उडाले, पण चेंडू दोघांच्या मधून नेमका निघून गेला. शिवदासने तो जाळ्यात घातला.

सगळं मैदान शिवदासला खांद्यावर घ्यायला धावलं. एकटा महादू तिकडे गेला नाही. तो चिखल तुडवत धर्मासमोर आला, फाटलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि तसाच घरी निघाला. चषक मिळूनही त्या रात्री धर्माने होडीवर जायची तयारी केली.

पहाटे तो शिदोरी घेऊन किनाऱ्यावर गेला. मी त्याच्या काखेत होतो, उसवलेला. त्याने होडीवर पाय ठेवला तसा सुकाणूपासून महादूचा आवाज आला.

"तू कुठं चरतंस? एके होरीवर दोन तांडेल मी ठेवीत नाय. उतर."

धर्मा खाली उतरला आणि पाण्यात उभ्या उभ्या रडला. होडी सुटली. बरंच आत गेल्यावर महादूने ओरडून विचारलं, "फुरची म्याच कवा?"

मग धर्मा अकरा वर्षं खेळला. संघाचा कर्णधार झाला, मुंबईकडून खेळला, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत त्याला हाक मारून ओळखू लागले. मला टाके घालून आणखी दोन मोसम त्याने वापरलं, मग नवे बूट आले. मी फळीवर गेलो. चामडं तडकलं, नाडी उंदरांनी नेली. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. तुमच्या घरी असा कोणी म्हातारा बूट असेल तर त्याला अधूनमधून उन्हात बसवा.

दुसरी विनंती मात्र मोठी आहे. गोल झाला की मारणाऱ्याला खुशाल खांद्यावर घ्या, पण चेंडू त्याला दिला कोणी, तेवढं मान वळवून बघा. महादूने एकदा मान वळवली, म्हणून धर्माला ती अकरा वर्षं मिळाली.