गळलेला मजकूर

छापखान्यात त्याला सगळे रफार म्हणत. खरं नाव हजेरीपटावर तेवढं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी एका भक्तिगीतांच्या पुस्तकात 'मार्ग' शब्दावरचा रफार गळून नुसता 'माग' उरला होता, आणि या पठ्ठ्यानं धावत जाऊन चालतं मशीन थांबवलं होतं. तेव्हा जे नाव चिकटलं ते चिकटलंच. काम प्रुफं वाचण्याचं. वय अठ्ठावन्न. पाठीला जरा पोक, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि चेहरा असा, की ओझं आत्ताच खाली ठेवलंय आणि लगेच परत उचलायचंय.

त्या वर्षी पवित्र शास्त्राची मोठ्या टाइपातली आवृत्ती निघायची होती, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी. शास्त्र दोघांनी मिळून तपासायचं हा तिथला जुना नेम. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर बोट फिरवत अक्षर न् अक्षर जुळवायचं. वाचायला बाई यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, कमरेनं अधू, काठी टेकत येणाऱ्या, खुर्चीवर घरची उशी टाकून बसणाऱ्या. आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "आणि तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू" असं त्या दिवसभर वाचत, आणि रफारचं बोट त्यांच्या मागोमाग सरकत राही.

बाईंची एकच खोड त्याला सहन होत नसे. त्या मधेच थांबत. चष्मा काढून खिडकीबाहेर बघत. "काय झालं?" असं विचारलं तर म्हणत, "काही नाही, ही ओळ जरा लागली." रफारला ओळी लागत नसत. तो अक्षरांचा माणूस. या आधी चार आवृत्त्या त्याच्या नजरेखालून गेल्या होत्या, पण त्यात काय लिहिलंय हे विचाराल तर साखरेच्या पोत्याखाली आयुष्य काढलेल्या हमालाला साखरेची चव विचारण्यासारखं होतं. रविवारच्या उपासनेला देवळात तो जायचा, आईला घेऊन. मागच्या बाकावर बसून गीतपुस्तकातल्या चुका शोधायचा.

आणि त्या दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतंच. धाकटा भाऊ घरी आला होता.

बावीस वर्षांपूर्वी धाकटा एका सकाळी दूध आणायला म्हणून गेला तो गेलाच. तेव्हा वडील अर्धांगवायूनं अंथरुणात. पुढची सहा वर्षं रफारनं त्यांना उचललं, धुतलं, भरवलं. त्याचं लग्न ठरत आलं होतं, पण मुलीकडच्यांनी घरातलं अंथरूण पाहिलं आणि गोड बोलून पाय काढता घेतला. वडील गेले तेव्हाही धाकटा आला नाही. मग आईचे गुडघे, आईचा मोतीबिंदू, आईचं पथ्यपाणी. रफारची तक्रार नव्हती, निदान तोंडावर नव्हती.

मग एका दुपारी दारात एक पिवळ्या डोळ्यांचा, पोट फुगलेला, हातापायांच्या काड्या झालेला माणूस चौकटीला धरून उभा राहिला, आणि एक्याऐंशी वर्षांच्या आईनं त्याला आवाजावरून ओळखलं. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलंय, जपायला हवं. आईनं आतल्या खोलीतली रफारची खाट त्याला दिली. रफार बाहेरच्या खोलीत बाकावर झोपू लागला.

एकोणीस दिवस झाले, तो भावाशी एक शब्द बोलला नव्हता. भांडलाही नव्हता. भांडायला अंगात जोर लागतो. कामावरून आला की तो ताट घेऊन मागच्या पायरीवर बसायचा, आत टेबलाशी ते दोघं असायचे म्हणून. आई थोड्या वेळानं दाराशी यायची, चौकटीला टेकून उभी राहायची. "दादा, आत ये रे," एवढंच म्हणायची. धाकटा त्याला दादा म्हणे, तेच आईच्याही तोंडात बसलं होतं. तो म्हणायचा, "इथं वारा आहे." मग ती नुसती उभी राहायची. त्याला वाटायचं, ही पिच्छा पुरवतेय.

असं चाललेलं असताना प्रुफात दोन मुलग्यांची गोष्ट आली.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते, रफारलाही होती. बाई वाचत होत्या: धाकटा घर सोडून गेला पूर्णविराम, उधळला, उपाशी पडला, परत आला, बाप धावत गेला, मेजवानी झाली. मग शेतावरून थोरला आला, गाणं-बजावणं ऐकलं आणि दाराबाहेरच थांबला. बाप बाहेर आला, त्याची समजूत घालू लागला. बापाचं बोलणं संपलं, अवतरण पूर्ण, आणि बाईंनी पुढचा अध्याय सुरू केला.

"थांबा," रफार म्हणाला. "मागं जा. काहीतरी गळलंय."

बाईंनी मागं जाऊन परत वाचलं. तेवढंच होतं. रफार उठला, कपाटातून आधीची आवृत्ती काढली, मग तिच्या आधीची काढली, जिची पानं हात लावताच तुटत होती. तिथंही तेवढंच. त्यानं प्रुफाच्या समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. ते खोडावं की ठेवावं, त्याला कळेना.

"गळलेलं नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "इतकंच आहे."

"मग तो आत गेला की नाही?"

"ते लिहिलेलं नाही."

"असं कसं? धाकट्याचं सगळं सांगायचं, त्याच्या पायातल्या जोड्यापर्यंत. आणि थोरल्याला वाऱ्यावर सोडायचं?"

बाईंनी चष्मा काढला. या वेळी रफारला त्याचा राग आला नाही. त्या म्हणाल्या, "वाऱ्यावर एकटा कुठं सोडलाय? मेजवानी आत, पाहुणे आत. पण बाप कुठं आहे ते बघा ना. त्यालाही परत आत नेलेलं नाही कुणी. तो अजून बाहेरच उभा आहे, थोरल्याजवळ."

रफारनं ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा. चार आवृत्त्यांत त्यानं तिथला प्रत्येक काना आणि मात्रा तपासली होती, आणि बाप बाहेर आहे हे त्याला दिसलं नव्हतं. त्याला मागच्या दारातली आई आठवली, दुखऱ्या गुडघ्यांवर उभी असलेली, आणि एकाएकी त्याला इतका थकवा आला की तो म्हणाला, आज एवढं पुरे. नोकरीच्या एकतीस वर्षांत असं तो पहिल्यांदाच म्हणत होता.

त्या दिवशी तो टेबलाशी बसला. बोलला नाही, जेवला आणि उठला. आईनं पाण्याचा तांब्या दोघांच्या मधोमध ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाच्या अर्धा तास आधी येऊ लागला. त्यानं बाईंना विचारलं, नुसतं वाचायचं असेल, स्वल्पविराम न म्हणता, तर कसं वाचतात? बाई हसल्या. त्या चाळीस वर्षं रोज पहाटे वही घेऊन शास्त्र वाचत होत्या. त्यांनी सांगितलं की भराभरा वाचायचं नाही, अडलं की अडू द्यायचं. वैऱ्यावर प्रीती करायच्या एका ओळीवर त्या स्वतः चौदा वर्षं अडकल्या होत्या. कुणावरून, ते त्यांनी सांगितलं नाही. "अजून ती ओळ ओलांडलेली नाही मी," त्या म्हणाल्या. "रोज तिथं जाऊन बसते, एवढंच." रफारला बरं वाटलं. त्याला वाटत होतं, बाई कधीच पार झाल्या असतील.

कागदाच्या गठ्ठ्यांमागे दोन खुर्च्या टाकून ते बसत. बाई कमरेखाली उशी सारत, रफार चहा आणी. त्यांनी प्रीतीबद्दलचा प्रसिद्ध अध्याय घेतला, जो प्रत्येक लग्नात वाचतात आणि कुणीच ऐकत नाही. चार-पाच दिवसांनी रफारनं मनातलं सांगून टाकलं.

"बाई, मला त्याच्याबद्दल काही वाटत नाही. माया नाही. आता रागसुद्धा दमलाय. मग हे सगळं वाचून उपयोग काय?"

"तुम्ही व्याकरणाचे पक्के आहात," बाई म्हणाल्या. "इथं काय वाटावं हे कुठं लिहिलंय, ते शोधून काढा बघू."

त्यानं पेन्सिल घेतली आणि सवयीनं एकेका शब्दाखाली रेघ मारत गेला. धीर धरणं. चिडून न उठणं. सोसणं. टिकून राहणं. वाटण्याचं एकही नव्हतं. सगळी क्रियापदं, आणि तीही अशी, की माणूस दमलेला असतानाच करायची वेळ येते.

"ही तर कामं आहेत," तो म्हणाला.

"आणि कामाला तुम्ही कधी नाही म्हणालात?"

त्या रविवारी दुपारी तो नखं कापायची कात्री घेऊन आतल्या खोलीत गेला. धाकट्याची नखं वाढली होती, आणि खाजवून खाजवून त्यानं अंग ओरबाडून घेतलं होतं. आईच्या डोळ्यांना ते जमण्यातलं नव्हतं. रफार खाटेच्या कडेला बसला, भावाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळीपासून सुरुवात केली. हात वडिलांसारखा होता, बोटांची पेरं तशीच. ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

डाव्या हाताची झाली तेव्हा धाकटा बोलला. "दादा, बाबा शेवटी काही म्हणाले का?"

या प्रश्नाचं उत्तर रफारनं सोळा वर्षं कुणाला दिलं नव्हतं, आईलाही नाही. द्यायची सक्तीही नव्हती. 'वाचा गेली होती' म्हटलं असतं तर खपून गेलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. त्यानं कात्री मिटली.

"शेवटचं वर्षभर एकच शब्द नीट यायचा त्यांना," तो म्हणाला. "तुझं नाव. मी भरवायला बसलो की मला तुझ्या नावानं हाक मारायचे. मी ओ द्यायचो."

धाकट्यानं मान भिंतीकडं फिरवली. बराच वेळ त्याची पाठ हलत होती. रफारला वाटलं होतं, हे सांगितलं की आपल्याजवळचं उरलंसुरलंही जाईल. गेलं खरं. आता ते या खाटेवरच्या माणसाचं झालं होतं. त्यानं उजवा हात मांडीवर घेतला.

"मी आलो होतो एकदा," धाकटा भिंतीशीच बोलावं तसं म्हणाला. "कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तू बाबांना उचलून उन्हात बसवत होतास. त्यांचं डोकं तुझ्या खांद्यावर होतं. ते बघून माझा पाय पुढं पडेना."

"यायला हवं होतंस," रफार म्हणाला.

"हो."

"मला एकट्याला उचलायला जड व्हायचे ते."

"हो, दादा."

'माफ कर' हे धाकट्यानं म्हटलं नाही आणि 'माफ केलं' हे रफारनं म्हटलं नाही. त्यानं नखांचे तुकडे कागदात गोळा केले, कात्री धुतली आणि बाहेर येऊन बाकावर आडवा झाला. चहाच्या वेळेपर्यंत त्याला मेल्यासारखी झोप लागली.

पुढं फार काही पालटलं असं नाही. धाकट्याला दर पंधरा दिवसांनी रुग्णालयात नेऊन पोटात साठलेलं पाणी काढून घ्यावं लागे. रफार अर्धी रजा टाकून त्याला नेई, आणि रांगेत उभं राहून पाय सुजवून घेई. औषधावरून धाकटा हट्ट करी, कधी तोंड फिरवून बसे, आणि एकदा रफारनं हातातलं भांडं आदळलंही. दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना ते सांगितलं, आणि दोघांनी तीच ओळ पुन्हा उघडली, चिडून न उठण्याची. बाई म्हणाल्या, सावकाश. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणत, महिने जातील, वर्षंही जातील, सांगता येत नाही. पूर्वी हे ऐकून रफार मनातल्या मनात वर्षं मोजत बसला असता. आता तो पुढची तारीख लिहून घेई आणि भावाला उठायला हात देई.

आवृत्ती बांधणीला गेली त्या आठवड्यात धाकटा म्हणाला, मला देवळात यायचंय. आईनं त्याचा सदरा सुरकुतल्या हातांनी तीनदा सारखा केला. पायऱ्या सात होत्या. प्रत्येक पायरीवर थांबत, रफारच्या दंडाला धरून तो चढला. तिघं मागच्या बाकावर बसले. त्या दिवशी रफारनं गीतपुस्तक उघडलं ते गायला. सूर लागला नाही, पण शब्द सगळे म्हटले. पाळकांचं प्रवचन लांबलं. धाकट्याचं डोकं हळूहळू कलत रफारच्या खांद्यावर आलं आणि तो घोरू लागला. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं वळून पाहिलं. रफारनं तिच्याकडं असं पाहिलं की ती पुन्हा वळली नाही.

खांद्याला रग लागली, मग मुंग्या आल्या, मग खांदा आहे हेच कळेना. त्यानं भिंतीला डोकं टेकलं. शेवटची प्रार्थना त्याला अर्धीच ऐकू आली. लोक उठले, बाक सरकले, दारात बोलणी झाली आणि पांगली. झाडूवाला एकेक खिडकी लावत त्यांच्यापर्यंत आला तेव्हा आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेनं सांगितलं, जरा राहू दे, दोघंही झोपलेत.