माझा कुरतडलेला कोपरा

मी एक जुनी उशी आहे आणि माझा डावा कोपरा कुरतडलेला आहे. मित्रांनो, त्याची मला लाज वाटत नाही. तो मी शिवूनही घेणार नाही!

सोफ्याच्या उरलेल्या कापडातून शिंप्याने मला शिवले, तेव्हा माझे चारही कोपरे टोकदार होते. पाहुणे म्हणत, "वा, काय सुरेख उशी आहे!" मग घरात गुंडी जन्मली. माझ्यावर लोळली, दूध सांडले, रांगताना मला ढकलत नेले. रंग उडाला, पण मी खुशीत होते.

गुंडी चार वर्षांची झाली, तेव्हा टीव्हीवर एक नवे कार्टून लागले. त्यात अस्वलाच्या पिल्लाची आई गंमत म्हणून रोज लपे. पिल्लू रडत तिला शोधी आणि जंगलातले सगळे खो-खो हसत.

बाबांनी ते पाहून पास केले. "मारामारी नाही, शिवीगाळ नाही. आणखी काय पाहिजे?"

"आणि बसते किती गप्प!" आई म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती. गुंडी गप्प बसली की तिची वेणी घालून होई, चार घास भरवून होत. या घरात कार्टूनची परीक्षा एवढीच होती : पोर गप्प, म्हणजे कार्टून चांगले.

पण ती गप्प का बसे, हे मला ठाऊक होते. पडद्यावरची आई लपली की गुंडीची नखे माझ्यात रुतत आणि माझा कोपरा तिच्या दातांत जाई.

पुढे ती सकाळी दारात आईच्या पायांना मिठी मारून रडू लागली. आई रडकुंडीला आली. "असंच चाललं तर मला नोकरी सोडावी लागेल हो!"

बाबांनी मला उचलले. "या कळकट उशीमुळेच तिला वाईट सवय लागलीय. देऊ टाकून!"

मी कळकट? सगळे घर पडद्याकडे बघत होते. पोरीकडे बघणारी मी एकटी, आणि गुन्हेगारही मीच! मला तोंड असते, तर चांगले सुनावले असते. गुंडी मला सोडीना, म्हणून मी वाचले.

रविवारी मावशी आली. गुंडीची नखे कापायची म्हणून कार्टून लावले. मावशी तिच्यासमोर स्टुलावर बसली. टीव्हीकडे तिची पाठ होती.

"अगं, बोट सैल सोड ना राणी!" गुंडीचा हात माझ्यातून सुटेना. मावशीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "ताई, इकडे ये. टीव्ही सोड, हिच्याकडे बघ."

"काय बघू? शांत तर बसलीय."

"शांत? श्वास रोखून धरलाय पोरीने! गुंडे, काय झालं गं त्या पिल्लाचं?"

"त्याची आई लपली," गुंडी कोपरा तोंडातून न काढता म्हणाली. मग आईकडे वळली. "तू पण रोज तशीच लपतेस ना?"

"पण त्यात मारामारी तर..." बाबा पुटपुटले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

आईने गुंडीला मांडीवर घेतले. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेऊन आपले टेबल, आपली खुर्ची दाखवली. "मी इथे असते. लपत नाही." दारातले रडे हळूहळू कमी झाले. नोकरी टिकली.

आता नवे कार्टून आले की बाबा टीव्हीकडे पाठ करून स्टुलावर बसतात. "मला गोष्ट अर्धीसुद्धा कळत नाही," ते कुरकुरतात.

"तुम्हाला गोष्ट नाही, गुंडी कळायला हवी," आई म्हणते.

परवा आई सुई-दोरा घेऊन माझ्याजवळ आली. तिने कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि सुई पुन्हा रिळात खोचली.

मित्रांनो, कार्टून बघताना पोटात गोळा आला, तर उशी चावत बसू नका. मोठ्याने सांगा! आणि तुमच्या आईबाबांना ऐकू गेले नाही, तर त्यांना खुशाल माझ्याकडे आणा. मी कोपरा पुढे करून बसलेली आहे.