मी, उलटी सूर्यमाला

मित्रांनो, खरी सूर्यमाला आकाशात आहे आणि तिला स्वतःविषयी काही सांगावे लागत नाही. मी लाकडाची आहे. एका शाळेच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलावर, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी मी उभी असते. मध्ये दिव्याचा सूर्य, त्याच्याभोवती सहा आडव्या काठ्या, प्रत्येक काठीच्या टोकाला एक ग्रह आणि बाजूला एक दांडी. दांडी फिरवली की ग्रह फिरतात. एवढेच माझे काम. माझ्यासारखीने आपली कहाणी सांगावी की नाही, याचा मी फार दिवस विचार केला. कारण आयुष्याची पहिली अठरा वर्षे मी मुलांना एक गोष्ट चुकीची शिकवत होते आणि ते मला ठाऊकही नव्हते.

माझा जन्म एका कातार्‍याच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे लाकूड यंत्रावर गरगर फिरवून, त्याला पटाशी लावून गोल आकार देणारा कारागीर. हा कातारी पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे आणि भोवरे करी. शाळेतले विज्ञानाचे मास्तर त्याच्या बायकोचे धाकटे भाऊ. ते त्याला दाजी म्हणत, म्हणून सारी गल्लीच त्याला दाजी म्हणू लागली होती.

एके दुपारी मास्तर जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर काहीबाही लिहून घेऊन दुकानात आले.

"दाजी, पुस्तकातलं चित्र जागचं हलत नाही. मुलं विचारतात, ग्रह फिरतात ना, मग हे थांबलेत का? मला फिरणारी सूर्यमाला हवी."

"फिरवणं तर आमचा धंदाच आहे," दाजी म्हणाले. "ग्रह किती?"

"आठ."

दाजींनी शाळेच्या दाराची रुंदी विचारली. बोटांवर काहीतरी मोजले. "मग सहाच. बाकीचे दोघे दारात अडकतील."

अशा रीतीने युरेनस आणि नेपच्यून माझ्या वाट्याला आलेच नाहीत. पुढे मास्तरांनी त्यावर तोड काढली. माझा धडा असला की एका मुलाला युरेनस म्हणून व्हरांड्यात उभे करायचे आणि दुसर्‍याला नेपच्यून म्हणून पार नळापाशी. नेपच्यून व्हायला भांडणे होत, कारण तिथे पाणी पिता येई.

खरी डोकेदुखी चाकांची होती. मास्तरांच्या कागदावर लिहिले होते, की पृथ्वीची सूर्याभोवती एक फेरी होते तेवढ्यात बुधाच्या चार होतात. गुरूला एका फेरीसाठी जवळजवळ बारा वर्षे लागतात आणि शनीला साडेएकोणतीस.

"साडेएकोणतीस दाते कसे कापू, मास्तर? अर्धा दात कोणाच्या तोंडात असतो?"

"मग दोन फेर्‍यांचं गणित धरा. एकोणसाठ."

दाजींनी मान डोलावली आणि एकोणसाठ कापले. त्यांनी सागाची चाके केली, एकेक दाता हाताने घासला. बुध मिरीएवढा, गुरू लिंबाएवढा. शनीचे कडे एका डब्याच्या झाकणातून कापलेले. पृथ्वी निळी, तिच्या डोक्यावर उत्तर ध्रुवाचा पांढरा ठिपका आणि शेजारी तारेवर बसवलेला, तिच्याभोवती फिरणारा चंद्र. मुले दांडी उलटसुलट हिसडतील आणि दाते मोडतील या भीतीने दाजींनी आत, मुख्य चाकापाशी, एक बोटभर लांबीची खिट्टी बसवली. तिच्यामुळे दांडी एकाच दिशेने फिरे. दुसरीकडे फिरवू गेले की टक्‌ करून अडे. त्या खिट्टीला नीट लक्षात ठेवा, मित्रांनो.

काम संपल्यावर मास्तरांचा कागद दाजींनी फेकला नाही. आपल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला तो आतून चिकटवून टाकला.

शाळेत मी सुखात होते. दांडीची एक फेरी म्हणजे एक वर्ष, हे मुलांना फार आवडे. कोणी आपल्या वयाइतक्या फेर्‍या फिरवी, कोणी आजीच्या वयाइतक्या फिरवायला जाई आणि हात दुखले की आजीला मध्येच सोडून देई. माझा सूर्य म्हणजे साधा दिवा. तो अधूनमधून जाई. मग मास्तर वर्गातून ओरडत, "काका, सूर्य गेला!" आणि शिपाईकाका शांतपणे कपाटातून नवा सूर्य काढून आणत.

मास्तर प्रामाणिक होते. माझ्यात काय खोटे आहे, ते आधीच सांगत. "पृथ्वी हरभर्‍याएवढी धरली, तर सूर्य या दारातून जेमतेम आत येईल आणि तो सव्वाशे पावलांवर ठेवावा लागेल. एवढी मोठी खोली आपल्याकडे नाही. तेव्हा आकार बघू नका, अंतर बघू नका. फक्त फिरणं बघा. फिरणं खरं आहे."

फिरणे खरे आहे. हे वाक्य ऐकताना मला किती बरे वाटे! आता आठवले की संकोच वाटतो.

दरवर्षी शाळा उघडली की दाजी तेलाची बाटली घेऊन येत. कान माझ्याजवळ नेऊन चाकांचा आवाज ऐकत. एकदा ते मास्तरांना म्हणाले, "आयुष्यभर हजारो पलंगांना पाय दिले. कोणी विचारलं नाही, कोणी केले म्हणून. हिच्याबद्दल मात्र पोरं रस्त्यात थांबवून विचारतात." पुढे त्यांचे हात थरथरू लागले, डोळे अधू झाले, यंत्र बंद पडले. मग त्यांच्या हातचे, लोकांनी नावाजलेले असे मीच काय ती उरले.

अठराव्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिचे प्रत्येक वाक्य "पण सर" असे सुरू होई, म्हणून मुलांनी तिला 'पणती' नाव ठेवले होते. एके सकाळी तिने पृथ्वीच्या गोळ्यामागे डोळा लावला आणि दांडी हळूहळू फिरवली.

"पण सर, हा चंद्र चुकीच्या बाजूला जातो."

वर्ग हसला.

"म्हणजे काय गं?"

"मी रोज संध्याकाळी सात वाजता पायरीवर बसून बघते. परवा चंद्र समोरच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे होता. काल बरोबर टाकीवर. आज डावीकडे असणार. म्हणजे तो रोज डावीकडे सरकतो. पण पृथ्वीवरून बघितलं तर हिचा चंद्र उजवीकडे सरकतो."

मास्तरांनी वाकून डोळा लावला. दांडी फिरवली. पुन्हा फिरवली. मग कपाटातून जाडजूड पुस्तक काढले आणि पाने उलटली. पुस्तकात स्पष्ट लिहिले होते. उत्तर ध्रुवाच्या बाजूने पाहिले, तर सारे ग्रह आणि आपला चंद्रही घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. माझे ग्रह काट्यांबरोबर फिरत होते. सगळेच्या सगळे.

"पणतीचं बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "ही उलटी फिरते. अठरा वर्षं मी बघितलं नाही."

त्यांनी दांडी दुसरीकडे फिरवून पाहिली. टक्‌. खिट्टी अडली. ती काढायची तर माझे पोट उघडायला हवे होते आणि ते दाजींशिवाय कोणालाच जमण्यासारखे नव्हते. दाजींना बोलवायचे म्हणजे त्यांना सांगायचे, की तुमच्या हातची जी एक गोष्ट लोक विचारतात, तीच चुकली.

मास्तरांना ते जमेना. मुलांपुढे चूक कबूल करायला त्यांना क्षणही लागला नव्हता. पण दाजींपुढे शब्द फुटेना. इकडे मधल्या सुट्टीत मुले "उलटी सूर्यमाला, उलटी सूर्यमाला" असे ओरडत. ते दाजींच्या कानांवर जाऊ नये, म्हणून मास्तरांनी मला एका जुन्या चादरीत गुंडाळले आणि अडगळीच्या खोलीत ठेवले. घरी दाजी विचारत, "काय मास्तर, फिरते का माझी माला?" मास्तर म्हणत, "फिरते की." हे सारे मला मागाहून, ताईंच्या बोलण्यातून कळले. ताई म्हणजे दाजींची बायको, मास्तरांची थोरली बहीण.

वर्षभर मी चादरीखाली होते. मोडले नव्हते, तरी मोडीत निघाले होते. कधी कधी चादरीचे टोक उचलले जाई आणि एक डोळा आत बघे. ती पणती असे. "मी सांगायलाच नको होतं," असे ती एकदा माझ्याजवळ पुटपुटली. मला तिला सांगायचे होते, की बाई, तुझे बरोबर होते. पण लाकडाला कुठले बोलणे!

शाळा पुन्हा उघडली आणि दाजी आले. एका हातात ताईंचा हात, दुसर्‍या हातात हत्यारांची पेटी. तेलाची बाटली ताईंकडे. वर्गात मी नव्हते. शिपाईकाकांनी बापड्यांनी खरे ते सांगितले आणि दाजी चाचपडत अडगळीच्या खोलीत आले. मागोमाग मास्तर धावत आले.

दाजींनी चादर ओढली. बोटांनी एकेक ग्रह मोजला. दांडी फिरवून कान लावला.

"वर्षभर फिरली नाही ही," ते म्हणाले. "आवाज सांगतो. मास्तर, चादर कशाला?"

"धूळ बसू नये म्हणून, दाजी."

"खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला, जमत नाही. काय मोडलं?"

"काही नाही मोडलं."

"मग माझं काही चुकलं का?"

मास्तर चादरीची घडी घालू लागले. दारात पणती उभी होती. ती म्हणाली, "पण सर..." आणि थांबली. तेवढा एक 'पण' पुरला.

"दाजी, ही उलटी फिरते," मास्तर म्हणाले. "ग्रह दुसरीकडून फिरतात. घड्याळाच्या उलट."

दाजींनी शनीच्या कड्यावरचा हात काढून घेतला. मग ते खाली बसले, पेटी उघडली आणि झाकण मास्तरांपुढे धरले.

"मला आता दिसत नाही. वाचा."

प्रश्नपत्रिकेची पिवळी पडलेली पाठ. मास्तरांचेच अक्षर. मास्तर वाचू लागले, "सर्व ग्रह एकाच दिशेने सूर्याला... प्रदक्षिणा घालतात."

"प्रदक्षिणा," दाजी म्हणाले. "प्रदक्षिणा म्हणजे मधली वस्तू उजव्या हाताला. लहान पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही लिहिलंत तसं मी केलं."

"पण सगळी पुस्तकं हाच शब्द वापरतात, दाजी!"

"पुस्तकाला उजवा हात नसतो, मास्तर."

मास्तर तिथल्याच एका मोडक्या बाकावर बसले. वर्षभर ज्या चुकीवर ते दाजींच्या मायेपोटी पांघरूण घालत होते, ती चूक त्यांच्याच हातची निघाली होती.

ताईंनी पदराने डोळे टिपले आणि मग दोघांनाही फैलावर घेतले. "चांगले शहाणे आहात! एकाने तेव्हा विचारलं नाही, दुसर्‍याने आता सांगितलं नाही. आणि शिक्षा कोणाला, तर या मुक्या लाकडाला."

"दुरुस्त होईल का हो?" पणतीने विचारले.

"पाव तासाचं काम," दाजी म्हणाले. "पोरी, तुझे डोळे दे. मी सांगतो तिथला स्क्रू काढ."

पणतीने माझे पोट उघडले. दाजींनी आत हात घातला, दात्यांवरून बोट फिरवले आणि पहिल्यांदाच हसले. "बघा. अठरा वर्षं एकाच बाजूने झिजलेत. दुसरी बाजू कोरी करकरीत आहे. अजून तेवढीच वर्षं चालेल." मग त्यांनी ती खिट्टी चिमटीत धरून उपटली.

दांडी त्यांनी कोणाला दिली नाही. "शनी जिथून निघतो तिथे परत येईपर्यंत मीच फिरवणार." थरथरत्या हाताने ते डावीकडे फिरवू लागले. पणती मोजू लागली. शिपाईकाकांनी सूर्य लावला. दारात मुले जमली आणि तीही मोजू लागली. बारापाशी गुरू घरी आला. विसापाशी दाजींना धाप लागली. मास्तर पुढे झाले, पण ताईंनी त्यांना डोळ्यांनीच थांबवले. एकोणतीस. आणि अर्धी. शनी आपल्या जागी येऊन थांबला. त्या दिवसापासून 'उलटी सूर्यमाला' असे कोणी ओरडले नाही.

पुढच्या वर्षी तेलाची बाटली घेऊन ताई एकट्याच आल्या.

मित्रांनो, त्यालाही आता खूप वर्षे झाली. मास्तर निवृत्त झाले. पणती पुढे कोण झाली, मला माहीत नाही. मुले शाळेतून गेली की माझ्यापर्यंत त्यांची बातमी येत नाही. वर्गाच्या भिंतीवर आता पडदा आहे, त्यावर ग्रह माझ्याहून सुंदर फिरतात, म्हणून मी वाचनालयात आले आहे. माझी खिट्टी आणि तो पिवळा कागद मास्तरांनी माझ्याच खांबाला दोर्‍याने बांधून ठेवले आहेत. ते शाळेत होते तोवर प्रत्येक नव्या वर्गाला ग्रहांच्या आधी हे दोन दाखवत आणि म्हणत, "ही आमची चूक. आता फिरणं बघा."

मी कोणाला काही शिकवावे एवढी माझी योग्यता नाही. पण तुमच्या घरात, शाळेत एखादी वस्तू चुकत असेल, किंवा एखादे माणूस, तर लगेच चादर टाकू नका. आधी जवळ बसून विचारा. कदाचित आत बोटभर खिट्टीच अडली असेल आणि दात्यांची दुसरी बाजू कोरी असेल.

माझी ती दुसरी बाजूही आता झिजत आली आहे. तेलाची बाटली टेबलाच्या खणात आहे, डावीकडच्या. दोन थेंब पुरतात.