बरोबर आलेलं उत्तर

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो. माझं पाचाचं बटण आत रुतून बसतं. कारखान्यात एका बाईने माझी सगळी बटणं एकेक करून तपासली होती. तेवढ्या मायेने पुन्हा मला कोणी हात लावला नाही.

मला चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या एका माणसाने विकत घेतलं. त्याची बायको लॉन्ड्रीत संध्याकाळच्या पाळीला इस्त्री करायची. तो घरी यायचा तेव्हा ती निघालेली असायची. सुटीच्या दिवशी मात्र ती बँकेच्या कागदावरचे आकडे वाचायची आणि तो माझी बटणं दाबायचा. तेव्हा माझी ऐट काय विचारता!

पुढे त्याचा पगार वाढला, दरमहा चार पैसे उरू लागले. ते फंडात गुंतवावेत की घराचं कर्ज लवकर फेडावं, यावर दोघांचं अडलं. कर्जाच्या व्याजापेक्षा फंडात जास्त मिळेल, असं मी दाखवलं.

ती म्हणाली, "कर्ज फिटलं तर मला इस्त्री सोडता येईल. संध्याकाळी दोघं घरी असू."

"थोडी वर्षं कळ काढ. हिशोब बघ ना," असं म्हणून त्याने मला तिच्यापुढे सरकवलं. तिने पाहिलं आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

हिशोब खरा ठरला. फंड चांगलाच वाढला. पण आकडे आता त्याच्या मोबाइलवर दिसू लागले आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. वाचून दाखवायला काही उरलं नाही, म्हणून ती सुटीच्या दिवशी जादा पाळी घेऊ लागली. ड्रॉवरमध्ये मला फार एकटं वाटायचं. बाहेर त्यालाही वाटत असावं.

निवृत्त झाल्यावर त्याने फंड मोडून सगळं कर्ज फेडलं. वर बरीच रक्कम उरली. खात्री करायला त्याने मला बाहेर काढलं होतं. ती आल्यावर तो म्हणाला, "आता उद्यापासून जाऊ नकोस."

कर्ज फिटल्याचा तिला मनापासून आनंद झाला. मग ती म्हणाली, "इस्त्री नाही सोडणार हो. माझ्या मैत्रिणी तिथेच आहेत. इथे संध्याकाळी बोलू कोणाशी?"

"माझ्याशी."

"आपल्याला सवय कुठे आहे?" ती हळूच म्हणाली आणि डबा घासायला गेली.

आता संध्याकाळी तो मला पुढ्यात घेऊन बसतो. कसलेतरी आकडे दाबतो आणि पुसतो.

मित्रांनो, मला जेवढं सांगाल तेवढ्याचंच उत्तर मी देतो. तिच्या संध्याकाळी मला कोणी सांगितल्याच नाहीत. तुम्ही असा हिशोब मांडाल, तेव्हा समोर बसलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्या आणि मग मला जवळ ओढा.